झुलालच्या नावाचा हेडफोन

जळगाव, ३० जानेवारी १९८९

अभिमननाना व्याही यांना मोतीलालचा रामराम.

संक्रांतीचे तिळाचे लाडू एस.टी.च्या कंडक्टरने घरी आणून दिले. डबा जरा हलका वाटला, पण कंडक्टरचा चेहरा इतका प्रसन्न होता की विचारलं नाही.

आता तुमच्या लेकीबद्दल. लग्नाला वर्ष होत आलं तरी हे लिहायचं राहूनच गेलं. नाना, अशी सून शोधून सापडायची नाही. घरात आहे की नाही कळत नाही. भांड्याला भांडं लागत नाही. मी दिवसभर डाळ मिलमध्ये हिशेबाला बसतो, यंत्रांच्या घरघरीने डोकं पिकून जातं, आणि घरी यावं तर देवळात आल्यासारखं. काही विचारलं तर ‘हो बाबा’, नाहीतर ‘बरं बाबा’. तिसरा शब्द नाही. शेजारी विचारतात, मोतीलालभाऊ, ही गाय तुम्ही कुठल्या बाजारातून आणली? मी छाती फुगवून सांगतो, शिंदखेडे तालुक्यातल्या गिरणीवाल्याची लेक आहे.

आणि नवल ऐका. ही न बोलणारी पोर आता रेडिओवर बोलणार आहे. आमच्या सौ. इंदिराबाईंच्या भजनी मंडळात रेडिओत काम करणाऱ्या एक बाई येतात. दळण, साठवण, पापड-कुरडया यांवर बोलणारं कुणी त्यांना हवं होतं. सौ.नी कोकिळेला पुढे केलं. दर मंगळवारी दुपारी साडेबाराला, बायकांच्या कार्यक्रमात. विहीणबाईंना सांगा आणि जरूर ऐका.

तुमचा,
मोतीलाल


पिंपरखेडे, ९ फेब्रुवारी १९८९

झुंबरअक्का,

चाळीसगावची थंडी ओसरली असेल, तुझे गुडघे बरे असतील असं धरून चालतो. सोबत व्याह्यांचं पत्र ठेवलं आहे. आधी ते वाच, मग माझं.

वाचलंस? ते कौतुक करताहेत आणि मला घाम फुटतो आहे. आपली कोकिळा आणि गाय? जी पोर परकर नेसायच्या वयात चालत्या गिरणीत उभी राहून मागच्या गल्लीतल्या आईला हाक मारायची, आणि आई पिठाचे हात घेऊन धावत यायची, ती ‘हो बाबा’, ‘बरं बाबा’वर आली? अक्का, स्थळ तू आणलंस म्हणून तुझ्याशी भांडत नाही. जावई, व्याही, विहीणबाई, माणसं चांगलीच आहेत. पण चांगल्या माणसांच्या घरातही पोर आतल्या आत मिटून जाऊ शकते, आणि चांगल्या माणसांना ते दिसतही नाही.

पत्रात ती ‘सर्व खुशाल’ लिहिते. पत्राचं काय, माझी गिरणी बंद पडली तेव्हा मीही तुला ‘सर्व खुशाल’च लिहिलं होतं. माहेरी आली की बोलते, पण माहेरी सगळ्याच बोलतात. तिथे असताना तिचा आवाज कसा आहे, ते मला ऐकायचं आहे. गिरणीच्या दगडात दाणा आहे की तो रिकामा फिरतो आहे, हे मी पाठमोरा बसून सांगतो. लेकीचा आवाज तर माझ्याच घरातला.

पण ऐकायचा कसा? आपल्याकडे वीज अकरा ते तीन. तेवढ्यात गावाची दळणं उरकायची. परवा मंगळवारी ट्रान्झिस्टर कानाशी धरून बसलो. गिरणीच्या आवाजात एक अक्षर कळेना. शेवटी जीव राहवेना म्हणून गिरणीच बंद केली. झालं. ओळीतल्या सगळ्या बाया आत आल्या. एक विचारते, “नाना, गिरनी काब बंद करी?” दुसरी तिला सांगते, कोकिळा बोलते आहे. मग तिसरी सगळ्यांना गप्प बसायला सांगू लागली, ती कार्यक्रम संपेपर्यंत सांगतच होती. गिरणी परवडली.

मंजुळा घरी ऐकत होती. तिला विचारलं, काय बोलली? कोकिळेचं नाव पुकारल्याबरोबर हिला रडू फुटलं आणि नाव पुन्हा पुकारून कार्यक्रम संपला तेव्हा थांबलं. “गोड बोलनी मनी लेक.” एवढीच बातमी.

धुळ्याहून बियाणं विकायला येणारा एक जण कानावर दोन वाट्या लावून रेडिओ ऐकतो. हेडफोन म्हणतात. तसं एखादं स्वस्तातलं मिळालं तर गिरणी चालू ठेवून ऐकता येईल. जळगावात ओळखीचे एक व्याहीच. पण त्यांना खरं कारण कसं लिहू? तुमच्या घरात माझी लेक सुखात आहे का ते तपासायचं आहे, तेव्हा एक यंत्र पाठवा, असं व्याह्याला कुणी लिहितं का? बाजारभाव ऐकायचे आहेत असं लिहितो.

अभिमन


पिंपरखेडे, १० फेब्रुवारी १९८९

मोतीलालभाऊ, रामराम.

कोकिळेचं कौतुक वाचून आम्हा दोघांना काय वाटलं ते पत्रात मावणार नाही.

एक तसदी देतो. दुपारी रेडिओवर बाजारभाव सांगतात, ते गिरणीच्या आवाजात ऐकू येत नाहीत. कानाला लावायचा हेडफोन मिळतो म्हणे. एक पाहून ठेवावा. गाण्यासाठी नको, बोलणं ऐकण्यासाठी हवा. अगदी साधा आणि स्वस्त चालेल. किंमत कळवलीत तरच घेईन, कारण लेकीच्या घरचं आम्ही पाणीसुद्धा पीत नाही, हे तुम्ही जाणताच.

अभिमन


जळगाव, २६ फेब्रुवारी १९८९

नाना,

कंडक्टर बदलून घेतला आहे. या वेळी पेटी उघडली जाणार नाही, दोरी मी स्वतः बांधली आहे.

तुम्ही साधा आणि स्वस्त लिहिलंत. वाचून हसू आलं. व्याह्याला साधा आणि स्वस्त हेडफोन पाठवला, हे उद्या तुमच्या गावात कळलं तर मी तोंड कुठे दाखवू? छगनच्या दुकानात गेलो आणि सांगितलं, यातला सगळ्यात जड कोणता? त्याने सहा-सात काढले. मी एकेक तळहातावर तोलून पाहिला, लग्नात द्यायची भांडी बघतो तसा. हा जो पाठवतो आहे तो घेतल्याबरोबर हात खाली गेला. मखमलीची पेटी आहे. कानाच्या वाट्या अर्ध्या नारळाएवढ्या, आणि वायर गुंडाळीची, ओढली की लांब होते, सोडली की परत येते. छगनने गाणं लावून दाखवलं, तर ढोलक छातीत वाजला. मी म्हटलं, हाच.

किमतीचं नाव काढू नका. लेकीच्या घरचं नको म्हणता, तर डाळ मिलचं समजा. डाळ मिलला तुम्ही लेक दिलेली नाही.

तुरीचे भाव मात्र ऐकून कळवत जा. आमचे सेठ भावाचं आम्हाला कधीच खरं सांगत नाहीत.

मोतीलाल


पिंपरखेडे, ५ मार्च १९८९

मोतीलालभाऊ,

काय वस्तू पाठवलीत. मंजुळाने हळदकुंकू वाहिलं. गावातली सगळी मंडळी येऊन पाहून गेली. पेटीची मखमल तर हात लावून लावून झिजायला आली. तुमची पारख मानली पाहिजे.

बाजारभाव आता स्वच्छ ऐकू येतात. तुरीचा भाव चढता आहे.

अभिमन


चाळीसगाव, १४ मार्च १९८९

अभिमन,

तुझं पत्र मिळालं. म्हणजे वायरीच्या टोकाची पिन अंगठ्याएवढी आणि तुझ्या ट्रान्झिस्टरचं भोक करंगळीएवढं. आत जात नाही. तुझ्या त्या बियाणेवाल्याने त्याच्या टेपला लावून पाहिलं, तर ढोलक दणदणतो आणि माणसाचा आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. आणि तू व्याह्यांना लिहिलंस की भाव स्वच्छ ऐकू येतात. वर तुरीचा भावही सांगितलास. कुठून ऐकलास? मंजुळाच्या रडण्यातून?

तुला लहानपणापासून ही खोड आहे. मोठ्या माणसाने फाटकी टोपी दिली तरी तू ती डोक्यावर ठेवून गावभर मिरवणार.

मी त्यांना ओळखते. तू दुसरा मागितलास तर ते याहून जड पाठवतील. तिसरा मागितलास तर बैलगाडीतून येईल. तुझ्यासाठी काही घ्यायला गेले की त्यांना तुझे कान दिसतच नाहीत, तुझा फेटा दिसतो. म्हणून मी सांगते तसं कर. स्वतःसाठी मागू नकोस. गावातल्या एखाद्या गरीब माणसासाठी माग. त्याच्यासाठी घेताना ते पेटी बघणार नाहीत, वस्तू बघतील.

कोकिळेचं मलाही पडलं आहे. मी परवा तिला पत्र टाकून सरळ विचारलं. उत्तर आलं, सर्व खुशाल. तेव्हा तू म्हणतोस ते खरं, कानानेच ऐकायला हवं.

झुंबर


पिंपरखेडे, १९ मार्च १९८९

मोतीलालभाऊ, रामराम.

पुन्हा तसदी. आमच्या गावात झुलाल म्हणून एक जण आहे. दुसऱ्याच्या विहिरीवर डिझेल इंजिन चालवतो, दिवसभर त्याच्या आवाजात बसून असतो. तुम्ही मला पाठवलेला हेडफोन पाहून त्यालाही वाटलं, आपल्यालाही रेडिओवरचं बोलणं ऐकता आलं तर बरं. त्याला गाणं, ढोलक काही नको, फक्त माणूस काय बोलतो ते कळलं पाहिजे. त्याच्या ट्रान्झिस्टरचं भोक बारीक आहे, पिन त्यात जाईल अशी बघा. झुलालची ऐपत बेताची आहे, म्हणून खरोखरच स्वस्त हवा. किमतीचे पैसे तो मनीऑर्डरने पाठवेल, तो फार मानी माणूस आहे.

अभिमन


जळगाव, ५ एप्रिल १९८९

नाना,

झुलालचा हेडफोन सोबत पाठवला आहे. दिसायला अगदी भिकार आहे. त्याला सांगा, दिसण्यावर जाऊ नकोस.

तुमच्या वेळी वजन पाहिलं होतं. पण या गरिबाचे पैसे घामाचे, ते वाया जायला नकोत म्हणून मी डोकं चालवलं. दुकानात बसून काय कळणार? दुकानात शांतता. छगनकडून तीन प्रकार परत करण्याच्या बोलीवर घेतले आणि काल जेवणाच्या सुट्टीत मिलमध्येच डाळीच्या चालू यंत्रापाशी पोत्यावर बसलो. सेठने लांबून विचारलं, मुनीम, कान दुखतो का? मी नुसती मान हलवली.

पहिला होता तारेचा, कानावर स्पंजाच्या चकत्या. त्या स्पंजातून अख्खी मिल आत येत होती. दुसरा म्हणजे कानात घालायची गोळी. ती बसेना, आणि ऐकू यावं म्हणून आवाज इतका वाढवावा लागला की दाढ दुखायला लागली. तिसरा हा, काळ्या रबराच्या वाट्यांचा. छगन तो विकायलाच तयार नव्हता. म्हणाला, “काका, याच्यात गाण्याची मजा नाही, आवाज टेलिफोनसारखा पातळ लागतो.” पण वाट्या कानाभोवती गच्च बसल्या, मिल बाहेर राहिली, आणि आवाज बारीक ठेवूनही शब्द न शब्द सुटा. निवडलेल्या डाळीसारखा. झुलालला सांगा, आवाज वाढवायचा नाही, वाट्या नीट बसवायच्या. रबराने कान उकडतात म्हणून सौ.नी जुन्या लुगड्याच्या टोप्या शिवून वर चढवल्या आहेत.

आता खरी गोष्ट. त्या वेळेला बोलण्याचा एकच कार्यक्रम होता, तो आपल्या कोकिळेचा. घरी सौ. ऐकतात, मी मिलमध्ये असतो, त्यामुळे मी तिला काल पहिल्यांदाच ऐकलं. विषय होता, माहेरची सवय आणि सासरचं घर. ती म्हणाली, माझं बालपण गिरणीत गेलं, तिथे ओरडल्याशिवाय मीठसुद्धा मागता येत नाही. सासरी आले आणि पहिल्या दिवशी चहा घेता का विचारलं, तर सासूबाईंच्या हातची परात पडली. मग मी आवाज शेवयांसारखा वळत वळत बारीक केला.

मी यंत्रापाशी एकटाच मोठ्याने हसलो. हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. पण मग हसू जिरलं. नाना, म्हणजे ही पोर आमच्या घरात वर्षभर दबक्या आवाजात राहते आहे, आणि मी तुम्हाला देऊळ काय, गाय काय, वाट्टेल ते लिहीत होतो. घरी जाऊन म्हटलं, सूनबाई, मोठ्याने बोलत जा. तर म्हणाली, ‘बरं बाबा.’ इतक्या हळू की मला दोनदा विचारावं लागलं.

मोतीलाल

ता.क. सेठ म्हणतात, तुरीचा भाव महिनाभर उतरताच आहे. तुमच्याकडचा रेडिओ कोणता?

ता.क. झुलालला मी वेगळं कार्ड टाकलं आहे. बिचाऱ्याला बरं वाटेल.


पिंपरखेडे, १५ एप्रिल १९८९

मोतीलालभाऊले झुलालना रामराम.

तुम्हनं कारड भेटनं. वना पोस्टमनकडथून वाची लिधं. कानले लावानं यंतर कसं लागस आसं तुम्ही इचारं. माले काही यंतर भेटनं नही. मना कान चांगला शेतस. इंजिन मी दोन सालपाह्यीन सोडी दिन्हं, आते बकऱ्या चारस. पन तुम्ही धाडी ऱ्हायनात ते धाडा. नही म्हनाव नही.

झुलाल
(लिहिणार : वना पोस्टमन. मजकूर झुलालने सांगितला तसाच लिहिला आहे.)


पिंपरखेडे, १९ एप्रिल १९८९

मोतीलालभाऊ,

तुमचं कार्ड घेऊन झुलाल गिरणीवर आला. भर ओळीत. वना पोस्टमनने ते आधीच पारावर वाचून दाखवलं होतं, त्यामुळे झुलालच्या मागे आणखी दहा जण होते. मी त्या वेळी डोक्यावर तुमचा तो काळा हेडफोन चढवून बसलो होतो. झुलालने हेडफोनकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं, आणि माझ्या मांडीवर कार्ड ठेवून म्हणाला, “नाना, हाऊ मना शे का?” बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. आता त्याने तुम्हाला काय लिहिलं असेल ते मला विचारायला नको.

झुलालसाठी मागितला हे खोटं. मखमलीच्या पेटीतल्याची पिन माझ्या ट्रान्झिस्टरमध्ये जात नाही. तुरीचा भाव मी मनाने लिहिला होता, चढता लिहिला की माणसाला बरं वाटतं म्हणून. आणि बाजारभाव ऐकायला हेडफोन हवा होता, हेही खोटं. माझ्याकडे तूरच नाही.

मला कोकिळेला ऐकायचं होतं.

तुम्ही तिचं कौतुक लिहिलंत आणि माझी झोप उडाली. ती गप्प राहणारी पोर नाही, मोतीलालभाऊ. गप्प झाली असेल तर काहीतरी झालं असेल, असं मला वाटत राहिलं. हे तुम्हाला विचारायची माझी प्राज्ञा नव्हती. व्याह्याला असं विचारणं म्हणजे त्याच्या घरावर बोट ठेवणं.

तुम्ही निवडलेला हेडफोन फार गुणाचा निघाला. गेले दोन मंगळवार गिरणी चालू ठेवून मी प्रत्येक शब्द ऐकला. कुरडयांचा चीक, धान्यातली कीड, सगळं. ती मुद्देसूद बोलते, शहाण्यासारखी बोलते. पण भाऊ, तो आवाज माझ्या लेकीचा नाही. सायीसारखा मऊ, खाली पाहून बोलल्यासारखा. मला वाटलं होतं ऐकलं की कळेल. ऐकलं आणि घोर दुप्पट झाला.

आता लपवायला काही उरलं नाही, तेव्हा विचारून टाकतो. माझी कोकिळा तुमच्या घरात सुखात आहे ना?

अभिमन


जळगाव, २८ एप्रिल १९८९

नाना,

तुमचं पत्र वाचून मला राग आला. त्या दिवशी जेवलो नाही. खरं सांगायचं तर अर्धं जेवलो, कारण आमरस होता. सौ.ना पत्र वाचून दाखवलं. म्हटलं, बघा, माझ्या घरावर पाळत ठेवायला माझ्याकडूनच यंत्र घेतलं. त्या म्हणाल्या, “बापाने विचारायचं नाही तर काय कंडक्टरने विचारायचं?” मग राहिलेलं अर्धंही जेवलो.

नंतर कोकिळेला समोर बसवून विचारलं, पोरी, तुला इथे बरं वाटतं ना? ती म्हणाली, ‘हो बाबा.’ आणि नाना, वर्षभर ज्या ‘हो बाबा’वर मी खूश होतो, तेच ऐकून या वेळी मला काहीच कळेना. खरं बोलते की माझं मन राखते? आता तुमचा घोर मलाही लागला आहे. दोघांनी वाटून घेऊ.

पण आज लिहायचं कारण वेगळं आहे. हात जोडून विनंती आहे की येत्या मंगळवारी, दोन तारखेला, रेडिओ ऐकू नये. झालं असं की रेडिओच्या बाईंनी सासू-सुनेला एकत्र बोलावलं, कळण्याच्या भाकरीवर बोलायला. त्यांचं बोलणं आधी टेप करून ठेवतात. सौ. रिक्षातून उतरल्या त्या लालबुंद होऊन. कोकिळा मागून उतरली, तीही लालबुंद. दोघींचं तिथे माइकसमोर वाजलं, आणि बाईंनी ते काढून टाकायच्या ऐवजी तसंच ठेवलं म्हणे. मी बाईंना भेटून विनवलं, त्या नुसत्या हसल्या.

काय बोलणं झालं ते सौ. सांगत नाहीत, कोकिळा तर नाहीच नाही. आधीच तुमच्या मनात शंका आहे. त्यात सगळ्या जिल्ह्यासमोर सासूने सुनेला झापलेलं ऐकलंत तर आपला संबंध काय उरणार? तरी मंगळवार सोडून बाकी दिवस खुशाल ऐका. हेडफोन तुमचाच आहे, झुलालला मी बघतो.

मोतीलाल


पिंपरखेडे, ३ मे १९८९

मोतीलालभाऊ,

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. मंगळवारी मी ऐकलं. असं पत्र मिळाल्यावर कोण ऐकणार नाही?

तुम्ही मिलमध्ये होतात, म्हणून सांगतो. सुरुवातीला दोघी गोड बोलत होत्या. विहीणबाई म्हणाल्या, कळण्याला ज्वारी आणि उडीद एकत्र करायचे, त्यातच मीठ घालायचं आणि दळून आणायचं. कोकिळा हळूच म्हणाली, मीठ मळताना घातलेलं बरं. विहीणबाई म्हणाल्या, आमच्याकडे दळतानाच घालतात. ती म्हणाली, दळताना घातलं तर मीठ दगडाला धरतं आणि पुढच्या बाईच्या दळणात उतरतं. विहीणबाई म्हणाल्या, तीस वर्षं घालते आहे, कुणाच्या दळणात उतरलं नाही. माझ्या हातात चुन्नीबाईचा दळणाचा डबा होता. मी तो खाली ठेवला.

आणि मग भाऊ, हेडफोनच्या वाट्या थरथरल्या.

“आई, भाकरी तुम्ही शिकवा, मी शिकेन. दळण मला नका शिकवू. गिरणीवाल्याची लेक मी आहे.”

मी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. गिरणी चालू, बायांचा गलबला, आणि तरीही त्या मांडीवरच्या वाट्यांतून तिचा आवाज मला ऐकू येत होता. तोच. परकरातला. मागच्या गल्लीतून आईला बोलावणारा.

विहीणबाईही मागे हटल्या नाहीत. म्हणाल्या, “गिरणी तुझ्या बापाची असेल, घास आमच्या तोंडात जातो.” कोकिळा म्हणाली, मग गेल्या सोमवारी तीन भाकरी खाल्ल्या त्या कुणी, त्यात मीठ मी मळताना घातलं होतं. मला वाटलं, झालं, संपलं. तेवढ्यात विहीणबाईंना हसू फुटलं. पुढे कोकिळा हसायला लागली. त्या रेडिओच्या बाई मध्ये मध्ये ‘आपली वेळ संपत आली आहे’ म्हणत होत्या, त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. कार्यक्रम संपला तेव्हा विहीणबाई म्हणत होत्या, अगं पण दगडाला धरतं म्हणजे कसं धरतं, ते तरी सांग.

घरी गेलो तर मंजुळा चूल विझवून बसलेली. लेक सासूशी रेडिओवर भांडली, आता तिला आणून घालतील म्हणून रडत होती. मी तिला म्हटलं, आण गूळ, तोंड गोड कर. तिला वाटलं माझ्या डोक्यावर परिणाम झाला.

तुम्ही ज्याची लाज वाटून ऐकू नका म्हणालात, ते ऐकायला मी तीन महिने तडफडत होतो. दबलेली पोर सासूला असं बोलत नाही. जिला घर आपलं वाटतं तीच बोलते, आणि जिला सून आपली वाटते तीच सासू विचारते, कसं धरतं ते सांग. माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. तुम्हालाही पोचवतो, कारण घोर आपण वाटून घेतला होता.

विहीणबाईंना माझा दंडवत सांगा. आणि सांगा, मीठ मळतानाच घालावं. या बाबतीत मी लेकीच्या बाजूने आहे, व्याह्यांचा मान राखूनसुद्धा.

सोमवारी आखाजी, अक्षय्य तृतीयेला सगळ्या लेकी माहेरी येतात. कोकिळेला पाठवा म्हणून पत्र लिहायला बसलो होतो. पण घाई करू नका. दोघींचं बोलणं अर्धं राहिलं असेल तर ते पुरं होऊ द्या, मग पाठवा.

तुमचा,
अभिमन